धावड्याची साल आणि फवारणीचं विष

चेतना पाटील आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते आणि मी मराठी. तळोद्याच्या त्या स्टाफरूममध्ये जागा कमी, म्हणून आमच्या खुर्च्या शेजारी शेजारी आल्या आणि पेशी, डीएनए, ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस असले शब्द मला चहाबरोबर ऐकायची सवय झाली. तिची हकीकत मी तिच्याकडून, तिच्या भावाकडून आणि थोडी मोलगीकडच्या कालीबाईंकडून ऐकली आहे. तिघांनी ती जवळपास सारखीच सांगितली, म्हणून लिहायला हरकत वाटली नाही.

चेतनाचं गाव तापीच्या काठाला आहे, प्रकाशा या गावापासून फार लांब नाही. काळी जमीन, कापूस, थोडी केळी. वडील हिलाल पाटील, आई भिकुबाई, एक धाकटा भाऊ भूपेश. हिलालआप्पांचा एक हट्ट होता. फवारणी मजुराच्या हातात द्यायची नाही. मजूर घाई करतो, पानाची खालची बाजू कोरडी सोडतो, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे अंगात ताकद होती तोवर पाठीवर पंप घेऊन ते स्वतः कपाशीत शिरायचे. डोक्याला रुमाल, पायात काही नाही. डोक्याएवढ्या कपाशीतून बाहेर आले की सदरा पाठीला चिकटलेला असायचा. विहिरीवर हात खंगाळायचे आणि बांधावर बसून भाकर खायचे. ते कपडे भिकुबाई वेगळे धुवायच्या, वास जाईना म्हणून. धुतल्यावर बोटांची आग व्हायची, तेव्हा त्या बोटांना तेल लावायच्या. घरात याची कधी चर्चा झाली नाही. कपाशी म्हटल्यावर फवारणी आलीच.

चेतना जळगावला एमएस्सीला गेली आणि पुढे तिथेच पीएचडीला राहिली. तिच्या मार्गदर्शक डॉ. हेमांगी पटेल याही तापीकाठच्या गुजर शेतकरी घरातल्या. कपाशी आणि फवारणी त्यांना समजावून सांगावी लागली नाही. त्यांच्या प्रयोगशाळेत एक तपासणी चालायची. ती चेतनाने मला सांगितली ती अशी.

रक्ताचा थेंब घ्यायचा. त्यातल्या पांढऱ्या पेशी काचपट्टीवर एका जेलीसारख्या थरात बसवायच्या. मग रसायनाने पेशीचं बाहेरचं आवरण विरघळवून टाकायचं, म्हणजे आतला डीएनए तेवढा उरतो. त्या काचपट्टीतून थोडा वेळ वीज सोडायची. डीएनए धड असेल तर तो एका जागी गोल गोळा होऊन बसतो. तुटलेला असेल तर तुकडे विजेच्या ओढीने एका बाजूला सरकतात. रंग घालून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की काळ्या पार्श्वभूमीवर डोकं आणि मागे शेपूट दिसते. अगदी धूमकेतू. शेपूट जितकी लांब, तितकी मोडतोड जास्त.

"आपल्या शरीरात ही मोडतोड रोजच होत असते," चेतना म्हणाली. "श्वास घेतो त्यातही होते. पेशी ती दुरुस्त करते. पण विष, धूर, आजार असा काही ताण आला, की मोडतोड वाढते आणि दुरुस्ती मागे पडते. मग कधी कधी चूक तशीच राहून जाते."

पहिल्या वर्षी तिला फवारणी करणाऱ्या शेतकऱ्यांचे नमुने हवे होते. विद्यापीठाच्या समितीची परवानगी मिळाली आणि ती सुईबाटल्या घेऊन आपल्याच गावी आली. रक्त द्यायला कुणी पुढे येईना. शेवटी हिलालआप्पा ओट्यावर बसले आणि बाही वर केली.

"काढ. पण माले पहिले सांग, कसाले पाहिजे?"

तिने पेशीवर ताण येतो वगैरे सांगायचा प्रयत्न केला.

"पेशीले बी टेन्शन येस का?" आप्पांनी विचारलं. ओट्यावरचे सगळे हसले, आणि हसता हसता आणखी काही जणांनी हात पुढे केले.

जळगावला परत गेल्यावर तिने मंद पिवळ्या दिव्याखाली त्या काचपट्ट्या तयार केल्या. उजेड जास्त असला तर त्यानेही डीएनए तुटतो, म्हणून ही कामं अर्ध्या अंधारात करतात. नमुन्यांवर नावं नव्हती, आकडे होते. पण आप्पांचा आकडा तिच्या डोक्यात होता. बाहेरच्या माणसाने तो घालायला हवा होता, असं हेमांगी मॅडम नंतर तिला रागावल्या. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला तेव्हा तिला एकामागून एक लांब शेपट्या दिसल्या. गोल पेशी शोधाव्या लागत होत्या. ती उठून बाहेर व्हरांड्यात गेली आणि बराच वेळ परत आली नाही.

यातून आजार होईलच असं नाही, हे तिला माहीत होतं. तशी तपासणीच नसते ती. आप्पा आजही धडधाकट आहेत. पण त्या दिवशी तिने मॅडमना विचारलं, "ही शेपूट आखूड करता येईल असं काही आहे का?"

मॅडम म्हणाल्या, "शोध. तुझा विषय तोच."

वनस्पतींचे अर्क तपासायचं ठरलं. पुष्कळ झाडांच्या सालीत, पानांत अशी द्रव्यं असतात, जी पेशीवरचा हा ताण आधीच झेलून घेतात. आवळा, हिरडा, बेहडा यांच्यावर काम झालेलं होतं. चेतनाने सातपुड्यातली झाडं घ्यायची ठरवली आणि त्यासाठी ती मोलगीला गेली.

मोलगीच्या बाजारात तिला कालीबाई भेटल्या. कालीबाई मोह, चारोळी, डिंक विकायला डोंगरातल्या पाड्यावरून पायी यायच्या. पन्नाशीच्या, बारीक, चालायला फार झपाट्याच्या. घरी त्यांची भिलीच चाले. चेतनाशी त्या अहिराणी आणि मराठी मिसळून बोलायच्या. जंगलातून साल आणून देणार का, असं विचारल्यावर त्यांनी उलट विचारलं, "आणून कशाला? तूच चल. काय पाहिजे ते तुझ्या हाताने घे."

मग वर्षभर ही दोघींची जोडी डोंगरात फिरली. चेतना प्रत्येक झाडाचा थोडासा भाग घ्यायची, विद्यापीठातल्या वनस्पतिशास्त्राच्या सरांकडून झाडाची ओळख पक्की करून घ्यायची, सावलीत वाळवायची, दळायची, अर्क काढायची. बहुतेक अर्कांनी काहीच केलं नाही. दोन-तीन अर्कांनी थोडं केलं. धावड्याने मात्र चकित केलं. धावडा म्हणजे पांढुरक्या खोडाचं ते झाड, ज्याचा डिंक बाळंतिणीच्या लाडवात घालतात. निरोगी माणसाच्या रक्तपेशींवर तिने आधी धावड्याच्या सालीचा पातळ अर्क घातला, मग हायड्रोजन पेरॉक्साइड टाकून त्यांच्यावर मुद्दाम ताण आणला. नुसत्या पेरॉक्साइडने पेशींना लांब शेपट्या फुटल्या होत्या. अर्क घातलेल्या पेशींच्या शेपट्या आखूड राहिल्या, काहींना तर फुटल्याच नाहीत. तिने प्रयोग पुन्हा केला. मॅडमनी दुसऱ्या विद्यार्थिनीकडून, कोणत्या पट्टीवर काय आहे हे न सांगता, पुन्हा करून घेतला. उत्तर तेच आलं.

त्या आठवड्यात चेतनाने घरी फोन केला तेव्हा तिचा आवाज ऐकून भिकुबाईंना वाटलं पोरीचं लग्न ठरलं.

पुढे एका परिषदेत तिने हे काम मांडलं. टाळ्या पडल्या. श्रोत्यांमध्ये एका स्थानिक दैनिकाचा बातमीदार होता. त्याने तिच्याशी चार वाक्यं बोलून घेतली. चेतना त्याला म्हणाली होती की हे काचेतल्या पेशींवर झालेलं काम आहे, माणसावर नाही. बातमीत ते वाक्य आलं नाही. मथळा आला: 'फवारणीच्या विषावर सातपुड्यातील सालीचा उतारा, शेतकरीकन्येचा शोध'. सोबत फोटो.

गावात पेढे वाटले गेले. आप्पांनी ते पान घडी करून खिशात ठेवलं आणि शहाद्याच्या मार्केटपर्यंत दाखवून आले. चेतनाने बातमीदाराला फोन करून चूक सुधारायला सांगितलं. काही दिवसांनी आतल्या पानावर, लिलावाच्या जाहिरातीखाली, दोन ओळी छापून आल्या. त्या कुणी वाचल्या असतील असं वाटत नाही.

पावसाळा लागला तसा शहाद्याच्या बाजारात एकजण धावड्याच्या सालीच्या जुड्या घेऊन बसू लागला. 'फवारणी काढा' म्हणून विकायचा. सकाळी उकळून प्या आणि बिनधास्त फवारा. शेजारी ती बातमी प्लॅस्टिकमध्ये घालून टांगलेली. चेतनाला हे पहिल्यांदा कळलं ते कालीबाईंकडून. त्या आपल्या भाच्याच्या मोबाइलवरून बोलल्या.

"बाई, तू येऊन जा एकदा. झाडं बघून जा."

चेतना अक्कलकुव्यापर्यंत बसने आणि तिथून जीपने मोलगीला गेली. कालीबाई तिला त्याच वाटेने घेऊन गेल्या जिथे दोघी आधी फिरल्या होत्या. धावड्यांच्या खोडांची साल हात पोहोचेल तिथपर्यंत गोल सोलून काढलेली होती. खोडाच्या चारी बाजूंनी साल गेली की पानांतलं अन्न मुळांपर्यंत पोहोचत नाही आणि झाड उभ्या उभ्या वाळतं. काहींची पानं आधीच करडी पडली होती. ऐन श्रावणात.

"कोण आलं होतं?" चेतनाने विचारलं.

"खालची माणसं. गाडी घेऊन आली. आमच्यातल्याही पोरांना मजुरी दिली, पोरांनी सोलली." कालीबाईंनी एका खोडावर हात ठेवला. "तू तर चिमूटभर घ्यायची. हे काय झालं?"

"मी नाही सांगितलं त्यांना, कालीबाई."

"तू नाही सांगितलं. पण तुझाच फोटो दाखवत होते."

परतीच्या वाटेवर कालीबाईंनी तिला एवढंच सांगितलं की पाड्यावर बैठक बोलावलीय, यापुढे साल सोलायला कुणाला येऊ द्यायचं नाही असं ठरवणार आहोत. आणि तसं ठरलंही. जी झाडं गेली ती गेली.

याच काळात जळगावला दुसरं काहीतरी उघड होत होतं. आतापर्यंत चेतनाने अर्क अगदी पातळ वापरला होता. तिने मात्रा वाढवत नेली. काही पायऱ्यांपर्यंत शेपट्या आखूड होत गेल्या. पुढे फरक थांबला. आणि त्याही पुढे शेपट्या परत वाढायला लागल्या. सगळ्यात दाट अर्कात ठेवलेल्या पेशींवर तर पेरॉक्साइड टाकायचीही गरज उरली नाही. अर्कानेच त्यांचा डीएनए तुटत होता.

तिला आधी वाटलं अर्क खराब झाला. नवा काढला. तेच.

"हे असं होतं," हेमांगी मॅडम म्हणाल्या. "जे द्रव्य थोडं असताना ताण झेलतं, तेच जास्त झालं की स्वतः ताण देतं. बऱ्याच अर्कांत दिसलंय. लिही."

"पण मॅडम, लोक सालीची मूठ भरून उकळतायत."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "त्यांच्या पोटातून रक्तात किती पोहोचतं हे आपल्याला माहीत नाही. फायदा होतो असंही सांगता येत नाही, आणि तोटा होतो असंही नाही. मला काळजी त्या काढ्याची कमी आहे. काढा पिऊन ते काय सोडतात, याची जास्त आहे."

चेतनाने त्याच दिवशी घरी फोन केला. भूपेशने उचलला. दोन वर्षांपूर्वी तिने त्याला रबरी हातमोजे, मास्क आणि गॉगल आणून दिले होते. तो ते वापरायचा, कुरकुरत का होईना.

"तू काढा पितोस का रे?"

"पेस ना. बठ्ठं गाव पेस."

"सगळं गाव? आणि मास्क?"

"बहू उकडस ताई त्यामा. चष्मावर वाफ धरस, काही दिखत नही. आते काढा शे ना. हाई तुन्हंच तर औषध शे!"

"माझं औषध नाहीये ते. ते औषधच नाहीये. मास्क लाव, भूपेश."

"लावसू, लावसू," तो म्हणाला आणि फोन आईकडे दिला. आईलाही तिने तेच सांगितलं. भिकुबाई म्हणाल्या, "पेपरमा तर चांगलं लिखेल व्हतं."

भाद्रपदात, कपाशी बोंडावर असताना, भूपेश शेतात पडला. दोन औषधं एकत्र करून फवारत होता. वारा समोरून होता. अंगात नुसता बनियन, तोंडाला काही नाही. शेजारच्या शेतातल्या माणसाला बॅटरीच्या पंपाचा आवाज एकाच जागेवरून येतोय असं वाटलं, म्हणून तो बघायला गेला. भूपेश सरीत आडवा होता, घामाने न्हालेला, तोंडातून लाळ वाहत होती आणि हातपाय थरथरत होते. त्याला उचलून गाडीत घातलं. शहाद्याला पहिली इंजेक्शनं दिली आणि तिथून नंदुरबारला हलवलं.

चेतना पोहोचली तेव्हा तो शुद्धीत होता, पण नजर स्थिर नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं की वेळेवर आणलं, धोका बराचसा टळला आहे, तरी काही दिवस लक्ष ठेवावं लागेल. आप्पा वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसले होते. भिकुबाई उभ्याच होत्या. चेतनाला पाहून त्यांनी विचारलं, "तुन्हा काढामुळे व्हयनं का हाई?"

चेतना मला म्हणाली की पीएचडीच्या तोंडी परीक्षेतसुद्धा असा अवघड प्रश्न कुणी विचारला नाही. विष कपाशीवरच्या औषधाचं होतं, ते अंगातून आणि श्वासातून आत गेलं. डॉक्टरांनीही तेच सांगितलं. पण काढा प्यायला नसता तर भूपेशने मास्क सोडला असता का? तिने आईला सगळं समजावून सांगायला तोंड उघडलं आणि रडू फुटलं. भिकुबाईंनी तिला जवळ घेतलं. पुढे तो प्रश्न त्यांनी परत कधी विचारला नाही.

भूपेश सुधारला. महिनाभर हाताला कंप राहिला, नंतर तोही गेला.

घरी आल्यावर आप्पांनी पहिलं काम केलं ते सालीच्या जुड्या चुलीत घालण्याचं. मग ते चेतनाला म्हणाले, "तू पेपरवालाले सांगं, ते त्यानी छापं नही. आते आपणच सांगूत. चाल."

दोघं घरोघर फिरली. आप्पांना गावात मान होता. ते ओट्यावर बसायचे आणि आपलंच उदाहरण द्यायचे, की मी एवढी वर्षं उघड्या अंगाने फवारलं, माझं रक्त पोरीने बघितलं, त्यात हे असं निघालं. मग चेतना सांगायची की काढा पिऊन विष अडत नाही, ते अंगाला लागूच द्यायचं नाही. काही घरांत ऐकून घेतलं. काही घरांत हसले. एकजण तोंडावर म्हणाला, "काल सांगस पेवा, आज सांगस नका पेवा. तुमन्हं काय खरं धरो?"

"मी प्या असं कधीच म्हटलं नव्हतं," चेतना म्हणाली.

"मंग पेपरमा फोटो कसाले दिधा?"

हाच माणूस पुढे तिच्या कामी आला. त्याचं नाव दगा. तो म्हणाला, "मन्हं रगत तपास ना. काढा पेनारना आणि नही पेनारना, दोन्ही तपास. आकडा दखाड, मंग मानसू."

चेतनाने हे मॅडमना सांगितलं. तिचा प्रबंध जवळजवळ पुरा होत आला होता. धावड्याचा पातळ अर्क काचेतल्या पेशींना वाचवतो, एवढ्यावर पदवी मिळाली असती. हे नवं काम घेतलं तर आणखी एक हंगाम थांबावं लागणार होतं आणि शिष्यवृत्तीही संपत आली होती.

"तुला करायचंय?" मॅडमनी विचारलं.

"हो."

"मग समितीकडे जाऊ."

समितीने एक अट घातली, आणि ती चेतनाला पटली. तुलना करायची म्हणून कुणालाही उघड्या अंगाने फवारायला सांगायचं नाही. उलट आधी सगळ्यांना मोजे-मास्क द्यायचे, वाऱ्याच्या दिशेने कसं चालायचं ते शिकवायचं, धोका स्पष्ट सांगायचा. त्यानंतर ज्याला जे करायचं ते तो करील. आपण फक्त हंगामाआधी आणि हंगामानंतर रक्त तपासायचं आणि कुणी काय केलं ते विचारून घ्यायचं.

पुढच्या हंगामात तसं झालं. भूपेशने फवारणी बंद केली नव्हती, शेती त्याचीच होती. पण मोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचा सदरा घातल्याशिवाय तो शेतात शिरत नव्हता. दगा काढाच पीत राहिला, हट्टाने. त्याच्यासारखे आणखीही होते. या वेळी नमुन्यांचे आकडे बाहेरच्या माणसाने घातले, आणि मोजणी पूर्ण होईपर्यंत कोणता नमुना कुणाचा हे चेतनाला माहीत नव्हतं.

निकाल असा आला. ज्यांनी अंग झाकून फवारणी केली, त्यांच्या पेशींच्या शेपट्या हंगामानंतर फारशा वाढल्या नाहीत. ज्यांनी तसं केलं नाही, त्यांच्या वाढल्या. त्यांच्यात काढा पिणारे आणि न पिणारे वेगळे काढून पाहिले, तर दोघांत फरक सापडला नाही. माणसं थोडी होती, म्हणून काढ्याचा अजिबात उपयोग नाही असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही, असंही तिने लिहिलं. ही ओळ खोडावी, म्हणजे लोकांना पटकन समजेल, असं तिच्या एका मैत्रिणीने सुचवलं होतं. तिने खोडली नाही.

गावात मारुतीच्या पारावर तिने हे सांगितलं. दोन मोठे कागद भिंतीला लावले, त्यावर तिने काढलेले गोल आणि शेपटीचे फोटो. दगा पुढे येऊन बराच वेळ ते बघत उभा राहिला.

"यामा मन्हं कोणतं?"

"नाव सांगता येत नाही, दगाभाऊ. नियम आहे. तुमचं तुम्हाला एकट्याला सांगीन."

तिने त्याला बाजूला नेऊन सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो आप्पांकडे आला आणि म्हणाला, ते मोजे आहेत का एखादे शिल्लक?

सगळं गाव सुधारलं असं मी म्हणणार नाही, चेतनाही म्हणत नाही. अजून बरेच जण उघडेच फवारतात. शहाद्यातला तो जुड्यावाला मात्र पुढच्या वर्षी दिसला नाही. तो दुसऱ्या कसल्या मुळ्या विकू लागला असं ऐकलं.

प्रबंध दाखल झाला, तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिला विचारलं, "तुमच्या पहिल्या तीन प्रकरणांत अर्क संरक्षण देतो. चौथ्यात तोच अर्क नुकसान करतो. पाचव्यात माणसांवर त्याचा काही परिणाम दिसत नाही. मग या सगळ्यातून निष्कर्ष काय काढायचा?"

चेतना म्हणाली, "सर, तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. काचेत जे दिसलं ते खरंच दिसलं. त्या सालीतलं नेमकं कोणतं द्रव्य हे करतं, ते वेगळं काढून, मोजून, पुढे कुणीतरी तपासायला हवं. कदाचित त्यातून काही निघेल. पण आज कपाशीत उभ्या असलेल्या माणसाला मी ते देऊ शकत नाही."

परीक्षकांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला. मागच्या रांगेत आप्पा आणि भूपेश बसले होते. चर्चा इंग्रजीत चालली होती, त्यामुळे दोघांना काही कळलं नाही. पदवी जाहीर झाल्यावर सगळे उभे राहिले, तेव्हा तेही उभे राहिले.

नंतर तिला आमच्या कॉलेजात नोकरी लागली. तळोदा तिला सोयीचं पडतं, डोंगरही जवळ आणि गावही. धावड्याचं काम तिने सोडलेलं नाही. सालीऐवजी गळून पडलेल्या पानांत तसंच द्रव्य मिळतं का, हे तिचे विद्यार्थी बघतायत. पानं कालीबाईंच्या पाड्यावरच्या बायका गोळा करून देतात. तिच्या लेखात जंगलाचं आणि पाड्याचं नाव नसतं. तालुक्याचंही नसतं. एका संपादकाने ते मागितलं तेव्हा तिने सोललेल्या खोडांचे फोटो पाठवले. त्याने पुन्हा विचारलं नाही.

तिचा मुख्य वेळ मात्र सध्या दुसऱ्याच गोष्टीत जातो. फवारणीचा तयार पोशाख अंगात घातला की आमच्याकडच्या उन्हात माणूस उकडून निघतो, आणि कुणी तो अर्ध्या तासाच्या वर ठेवत नाही. म्हणून तळोद्यातल्या गुलाबबाई या शिलाई करणाऱ्या बाईंना हाताशी धरून ती पातळ, घट्ट विणीच्या कापडाचा पोशाख शिवून बघतेय. पाठीकडून वारा खेळेल, पण पुढून ओल आत जाणार नाही, असा. भूपेश तो शेतात घालून बघतो आणि फोनवर त्यातल्या उणिवा सांगतो. पहिला काखेत फाटला. दुसऱ्याची टोपी डोळ्यांवर यायची. परवा स्टाफरूममध्ये मी तिच्या शेजारी बसलो असताना त्याचा फोन आला, आणि तिने स्पीकरवर टाकला.

"ताई, हाऊ बरा शे. उकडत नही एवढं. पण गळा खाले खाजस. गुलाबबाईले सांग, शिलाई बाहेर घाल म्हणा."

"सांगते," चेतना म्हणाली. "किती वेळ घातला होता?"

"बठ्ठी फवारणी व्हवालोंग." म्हणजे सगळी फवारणी होईपर्यंत.

तिने फोन ठेवला, पर्स उचलली आणि गुलाबबाईंचं दुकान बंद व्हायच्या आत पोहोचायला हवं म्हणून निघून गेली. तिचा चहा तसाच राहिला होता.